अटलांटिक लीगचा २०१९चा हंगाम : स्पर्धा की प्रयोगशाळा?

रॅरिटनकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. चेंडू ‘स्ट्राइक’ होता की ‘बॉल’, या पंचांच्या निर्णयाविरुद्ध यंत्राकडे दाद मागण्याची सोय २०२६च्या हंगामापासून मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये, येणार, हे सप्टेंबर २०२५मध्ये ठरले. ती बातमी वाचताना मला जाणवले की हे यंत्र मी सहा वर्षांपूर्वीच घराजवळच्या मैदानावर, मुलांच्या हातात पॉपकॉर्न देऊन, पाहिलेले आहे.

मी ब्रिजवॉटरला राहतो. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना हे गाव व्यंकटेश्वराच्या मंदिरामुळे ठाऊक असते; मात्र त्याच गावात रेल्वे स्टेशनाला लागून सुमारे ६१०० आसनांचे बेसबॉलचे मैदान आहे, याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. सॉमरसेट पेट्रियट्स हा तिथला संघ १९९८ ते २०१९ स्वतंत्र अटलांटिक लीगमध्ये खेळला. ‘स्वतंत्र’ म्हणजे मेजर लीगच्या कोणत्याही संघाशी संलग्न नसलेली लीग. इथे येणारे बहुतेक खेळाडू कधी ना कधी मोठ्या संघांच्या साखळीत होते, तिथून सोडले गेले, आणि पुन्हा कुणाच्या तरी नजरेत भरावे म्हणून एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत १४० सामने खेळत राहिले.

२०१९च्या सुरुवातीला या लीगने मेजर लीगशी तीन वर्षांचा करार केला. मेजर लीगने आठही मैदानांवर ट्रॅकमॅन हे रडार बसवून द्यायचे आणि त्या बदल्यात लीगने मेजर लीगचे नवे नियम आपल्या अंगावर घ्यायचे. बेसची, म्हणजे धावत गाठायच्या चौकोनी तळाची, बाजू १५ इंचांची १८ इंच झाली, क्षेत्ररक्षकांना एकाच बाजूला गोळा करण्यास बंदी आली, आणि बदली आलेल्या पिचरला (गोलंदाजाला) किमान तीन फलंदाजांना सामोरे जाणे सक्तीचे झाले. हंगामाच्या मध्यात याहून विचित्र नियम आले. त्यांविषयी पुढे लिहितोच.

माझा प्रश्न असा आहे, की ज्या हंगामात नियम मधूनच बदलतात आणि ते बदल दुसऱ्याच कुणाच्या सोयीसाठी होतात, त्या हंगामातल्या विजेतेपदाला स्पर्धेतले विजेतेपद म्हणावे का? आणि जे खेळाडू तिथे शेवटची संधी म्हणून आले होते, त्यांच्यावर अन्याय झाला असे तुम्हाला वाटते का? माझे मत ‘झाला’ असे आहे, पण ते बदलण्याची माझी तयारी आहे.

गुगली

ज्यांना बेसबॉल परका आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो ती होम प्लेट १७ इंच रुंद असते आणि तिच्यावर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून साधारण छातीच्या मध्यापर्यंत, एक अदृश्य खिडकी कल्पिलेली असते. चेंडू त्या खिडकीतून गेला आणि फलंदाजाने तो सोडून दिला, तर स्ट्राइक. बाहेरून गेला तर बॉल. सामन्यात असे शेकडो निर्णय कॅचरच्या (यष्टिरक्षकाच्या) मागे वाकून उभा असलेला एक माणूस देतो. आपल्याकडे पायचीतच्या निर्णयावरून जेवढी भांडणे होतात, तेवढी तिथे दर पाच मिनिटांनी होऊ शकतात, असे समजा.

२०१९मध्ये पंच नेमले तसेच राहिले, मात्र त्यांच्या कानात एक यंत्र बसले. रडारने चेंडूचा मार्ग मोजायचा, पंचांच्या खिशातल्या आयफोनवर निकाल यायचा, कानात ‘स्ट्राइक’ किंवा ‘बॉल’ असे ऐकू यायचे आणि पंचांनी ते मोठ्याने सांगायचे. १० जुलै २०१९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क येथे झालेल्या ऑल-स्टार सामन्यात ब्रायन डीब्रॉवर या पंचांनी हे प्रथम केले. थोडक्यात, पंच हा निवेदक झाला.

खडूस_फिरकी

म्हणजे घरी माझी जी अवस्था आहे तीच. निर्णय दुसरीकडे होतो, घोषणा मी करतो.

रॅरिटनकाठ (धागाकर्ता)

@खडूस_फिरकी, आपल्या खिशातला फोनही त्यांच्याच नावावर असावा.

आता राहिलेल्या नियमांविषयी. उत्तरार्धात फलंदाजाला ‘पहिला बेस चोरण्याची’ मुभा मिळाली. कॅचरने चेंडू हवेतल्या हवेत पकडला नाही, तर फलंदाजाने बॅट टाकून पहिल्या बेसकडे धाव घ्यावी, मग त्या वेळी स्ट्राइक आणि बॉल कितीही असोत. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर यष्टिरक्षकाच्या हातून चेंडू निसटला की बाय धाव काढावी तसे, पण बेसबॉलमध्ये ही कल्पना इतकी परकी होती की प्रेक्षक आधी हसले. १३ जुलै रोजी सदर्न मेरीलँड ब्लू क्रॅब्सच्या टोनी थॉमसने असा बेस प्रथम मिळवला. आमच्या मैदानावर मी हे प्रत्यक्ष घडताना कधी पाहिले नाही. फलंदाज चेंडू निसटलेला पाहायचे, क्षणभर विचार करायचे आणि तिथेच उभे राहायचे. पळण्याची परवानगी होती, पण वीस वर्षांच्या सवयीने पाय उचलत नसावेत.

मैना_यॉर्कवाली

मी एरवी इथे फक्त वाचते, पण या विषयावर लिहिल्यावाचून राहवत नाही. स्वतंत्र लीगमधल्या अनेक खेळाडूंना घरभाडे परवडत नाही, म्हणून गावातली कुटुंबे हंगामापुरती त्यांना घरात ठेवून घेतात. २०१९च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका संघाचा डावखुरा पिचर आमच्या तळघरातल्या खोलीत राहिला होता. वय २८. मोठ्या संघांच्या साखळीत वरून दुसऱ्या पायरीपर्यंत जाऊन खांद्याच्या दुखापतीनंतर सुटलेला. अतिशय संकोची मुलगा. पहिले पंधरा दिवस मला ‘मॅडम’ म्हणायचा, मग माझ्या मुलांचे ऐकून ‘आई’ म्हणू लागला. सामन्याहून रात्री साडेअकराला येई आणि फ्रीजमधला वरणभात उभ्याउभ्याच खाई.

त्याचे सगळे कौशल्य खिडकीच्या काठावर होते. त्याच्या चेंडूला वेग नव्हता, पण प्लेटच्या बाहेरच्या काठाला लागून, कधी लागल्यासारखा वाटून, तो कॅचरच्या हातात विसावत असे. कॅचरही जाणता होता. चेंडू पकडताना मनगट हलकेच आत वळवून तो पंचांना ‘हा स्ट्राइकच आहे’ असे पटवत असे. या कलेवर त्या दोघांचा उदरनिर्वाह चालत होता. जुलैत यंत्र आले आणि मनगटाकडे पाहणारा कुणी उरला नाही. काठाबाहेरचे इंच, दीड इंच यंत्राने परत घेतले. चार बॉल पडले की फलंदाजाला पहिला बेस चालत मिळतो; त्याच्या नावावर असे बेस वाढू लागले.

तो यंत्रावर कधीही रागावला नाही, हे मुद्दाम सांगते. एकदा एवढेच म्हणाला, “ते खोटे बोलत नाही, आई. मीच इतकी वर्षे थोडे खोटे बोलत होतो.” मी त्याला म्हटले, बाळा, त्याला खोटे नाही, कसब म्हणतात. पण ऑगस्टच्या शेवटी संघाने त्याला सोडले आणि धागाकर्त्यांचा प्रश्न मी तेव्हापासून मनात बाळगून आहे.

गुगली

@मैना_यॉर्कवाली, आपला प्रतिसाद फार आवडला. त्याला जोडून दुसरी बाजू मांडतो. यंत्र फक्त घेत नव्हते, देतही होते. मोठ्या वळणाचा एखादा संथ चेंडू प्लेटच्या पुढच्या कडेशी खिडकीतून जातो आणि कॅचरपर्यंत पोचेतो जवळजवळ जमिनीला टेकतो. नियमपुस्तकाप्रमाणे तो स्ट्राइक असतो, पण जमिनीवरून उचललेल्या चेंडूला स्ट्राइक देण्याचे धाडस कोणताही पंच करत नसे. यंत्र मात्र बिनदिक्कत देत असे. त्यामुळे काही पिचरांचे नशीब उघडले आणि फलंदाज चक्रावले. नियमपुस्तकात लिहिलेली खिडकी माणसांनी कधी काटेकोर पाळलीच नव्हती, हे त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा सगळ्यांना दिसले.

आणि यंत्रावर कुणी रागावले नाही असे नाही. याच लीगमधल्या हाय पॉइंट रॉकर्सचे पिचिंग प्रशिक्षक फ्रँक व्हायोला, म्हणजे १९८७च्या वर्ल्ड सिरीजमधले (मेजर लीगच्या अंतिम मालिकेतले) सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचे १९८८चे विजेते, यांना जुलैतच पंचांनी मैदानाबाहेर काढले, कारण ते यंत्राच्या निर्णयावरून पंचांशी वाद घालत होते. ज्याने निर्णय दिलाच नाही, त्याच्याशी वाद घालून हद्दपार होण्याचा हा मान पहिलाच असावा.

खडूस_फिरकी

तलाठ्याशी भांडून उपयोग नाही, सर्व्हर डाऊन आहे, याची ती अमेरिकन आवृत्ती होय.

सेंटपॉलचा_शाम

धागाकर्त्यांशी मी असहमत आहे. माझा मुक्काम मिनेसोटात आहे आणि स्वतंत्र बेसबॉलचा आजचा अवतार इथल्याच मातीत उगवला असे आम्ही मानतो. १९९३मध्ये माइल्स वुल्फ यांनी नॉर्दर्न लीग उभी केली तेव्हा तीत सहा संघ आणि ७२ सामन्यांचा हंगाम होता. सेंट पॉल सेंट्स हा त्यातला एक. मालकांमध्ये माइक व्हेक आणि अभिनेता बिल मरे होते, आणि पंचांना नवे चेंडू नेऊन द्यायला मैदानावर चक्क डुकराचे पिल्लू येत असे. खेळ गंभीर होता. पहिले विजेतेपद सेंट्सनीच मिळवले, आणि त्या संघातला केव्हिन मिलार पुढे मेजर लीगमध्ये, २००४च्या बॉस्टन रेड सॉक्समध्ये खेळला. १९९६मध्ये मेजर लीगचा नावाजलेला फलंदाज डॅरिल स्ट्रॉबेरी आमच्याकडे खेळला आणि त्याच उन्हाळ्यात मेजर लीगच्या यांकीजकडे गेला. १९९७मध्ये आयला बॉर्डर्स ही महिला पिचर सेंट्सकडून मैदानात उतरली आणि १९९८मध्ये डुलूथच्या संघाकडून तिने पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात विजय नोंदवला.

स्वतंत्र लीगचा जन्मच ‘इतरत्र करता येत नाही ते इथे करू’ या वृत्तीतून झालेला आहे. मोठ्यांच्या साखळीत असलेला संघ खेळाडू घडवण्यासाठी चालतो, तर स्वतंत्र संघ तिकिटे विकून जगतो. डुकराचे पिल्लू चालते, मग खिशातला फोन का चालू नये?

रॅरिटनकाठ (धागाकर्ता)

@सेंटपॉलचा_शाम, फरक आहे आणि तो मोठा आहे. पिल्लू दोन डावांच्या मध्ये येत असे, त्याने स्ट्राइकचा बॉल कधी केला नाही. शिवाय ते सेंट्सच्या मालकांनी स्वतःच्या प्रेक्षकांसाठी आणले होते. २०१९चे नियम न्यू यॉर्कच्या कचेरीत ठरले. आयला बॉर्डर्सचे उदाहरण तर माझ्या बाजूचे आहे; तिला संधी मिळाली ती इतरांना लागू असलेल्या नियमांतच.

पुणेरी_पंच

मी स्वतः क्लब क्रिकेटमध्ये पंचगिरी केली आहे, म्हणून दोन शब्द. प्रयोग कुठे तरी करावेच लागतात. इंग्लंडने २००३मध्ये वीस षटकांचा खेळ काउंटी संघांवर करून पाहिला. त्यावर आज जग जगते. उलट २००५मध्ये ‘सुपरसब’चा प्रयोग थेट आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत केला गेला आणि काही महिन्यांत गुंडाळावा लागला. मग लहान लीगमध्ये करून पाहणे हे शहाणपणाचे नाही का?

मला खटकते ते वेगळेच. हंगाम सुरू होण्यापूर्वी बदललेला नियम आणि अर्ध्यावर बदललेला नियम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यासाठी खेळाडू हिवाळ्यात तयारी करू शकतो.

मैना_यॉर्कवाली

@पुणेरी_पंच, अगदी हेच. आणि काउंटीच्या खेळाडूला करार असतो. अटलांटिक लीगमध्ये तेव्हा महिन्याला ३००० डॉलरच्या आसपास कमाल पगार असे, तोही हंगामाचे महिने सोडले तर शून्य. आमचा पाहुणा हिवाळ्यात गोदामात खोकी उचलत असे. ज्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती, त्याच खांद्याने.

शुगरलँडकर

टेक्सासमधून नमस्कार. आमचे शुगर लँड स्कीटर्स हे या लीगचे दूरचे नातेवाईक. बाकी सातही संघ पूर्वेकडचे, आम्ही एकटे ह्यूस्टनशेजारी. आमच्या उपनगरात भारतीय इतके आहेत की मैदानावर कुणी ना कुणी ओळखीचे भेटतेच. २०१२मध्ये मेजर लीगचा एके काळचा दिग्गज पिचर, पन्नाशीचा रॉजर क्लेमेन्स इथे येऊन पिचिंग करून गेला तेव्हा माझ्या वडिलांनी, जे सांगलीहून आले होते आणि ज्यांना खेळातले काहीही कळत नव्हते, “या वयात हा माणूस का धावतो आहे?” असे विचारले होते. मी त्यांना सांगितले की इथे सगळेच त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला येतात.

धागाकर्त्यांनी विजेतेपदाविषयी विचारले आहे, म्हणून हरलेल्या बाजूने सांगतो. २०१९ची अंतिम मालिका स्कीटर्स आणि लाँग आयलंड डक्स यांच्यात झाली आणि ती पाचव्या सामन्यापर्यंत गेली. डक्स जिंकले, त्यांचे व्यवस्थापक वॉली बॅकमन, मेजर लीगच्या १९८६च्या मेट्स संघातले. त्याच डक्सकडे ल्यू फोर्ड हा एके काळी मेजर लीगच्या मिनेसोटा ट्विन्सकडून खेळलेला गृहस्थ चाळिशी ओलांडूनही खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत होता. पाचवा सामना हरल्यावर मला जे वाईट वाटले त्यात रडारचा काहीही हिस्सा नव्हता, आणि यंत्रामुळे हरलो असे आमच्याकडे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही. दोन्ही संघांना तीच खिडकी होती.

डोंबिवली_फास्ट_बोलर

एक भाबडा प्रश्न विचारतो. संघातला सर्वांत चांगला खेळाडू मोठ्या संघाने हंगामाच्या मध्यात उचलून नेला, तर त्या लीगमध्ये विजेतेपदाला अर्थ काय राहतो? माझ्या माहितीत दोन उदाहरणे आहेत. रिकी हेंडरसन २००३मध्ये न्यूअर्क बेअर्सकडून खेळत असताना डॉजर्सनी त्याला नेले. रिच हिल २०१५मध्ये डक्सकडून दोनच सामने खेळला, तेवढ्यात रेड सॉक्सनी त्याला घेतले, आणि पुढच्याच वर्षीच्या अखेरीस डॉजर्सनी त्याच्याशी तीन वर्षांचा ४.८ कोटी डॉलरचा करार केला. मग डक्सच्या चाहत्याने टाळ्या वाजवायच्या की रडायचे?

रॅरिटनकाठ (धागाकर्ता)

@डोंबिवली_फास्ट_बोलर, दोन्ही, आणि एकाच वेळी. मुलीला चांगले स्थळ मिळाल्यावर मांडवात जे होते तेच. या लीगमधला प्रत्येक संघ स्वतःचा सर्वोत्तम खेळाडू गमावण्याच्या आशेवर उभा असतो. नाही तर पुढच्या वर्षी चांगले खेळाडू त्याच्याकडे का येतील? म्हणूनच मला प्रयोग अधिक खुपतात. खेळाडू तिथे मोजला जाण्यासाठी येतो आणि मोजपट्टीच मध्ये बदलली जाते.

गुगली

पण त्याच करारामुळे प्रत्येक मैदानावर रडार आले, हे विसरू नका. पूर्वी एखाद्या मोठ्या संघाचा निरीक्षक त्या दिवशी तिथे बसलेला असेल तरच खेळाडूचे भाग्य. २०१९पासून चेंडू किती फिरतो, बॅटवरून किती वेगाने सुटतो, याची नोंद रोज होऊ लागली. मोजपट्टी बदलली हे खरे, पण आधी पट्टीच नव्हती.

कट्ट्यावरचा_बंड्या

२०१८मध्ये याच लीगमध्ये रोड वॉरियर्स नावाचा संघ होता, ज्याला स्वतःचे मैदानच नव्हते. सगळा हंगाम दुसऱ्यांच्या गावी. वारकरी निदान शेवटी पंढरपूरला पोचतात.

अवांतर : दुबईच्या बेसबॉल युनायटेड लीगमध्ये ‘मुंबई कोब्राज’ नावाचा संघ आहे. तोही मुंबईत खेळत नाही.

पुणेरी_पंच

@कट्ट्यावरचा_बंड्या, अवांतर वेगळ्या धाग्यावर घ्यावे. (पण विनोद नोंदवून ठेवला आहे.)

मूळ मुद्द्यावर येतो. त्या प्रयोगांतले काय टिकले ते पाहिले तर चित्र बरेच स्पष्ट होते. तीन फलंदाजांचा नियम २०२०मध्ये, मोठे बेस आणि क्षेत्ररक्षणावरचे निर्बंध २०२३मध्ये मेजर लीगमध्ये आले. पहिला बेस चोरण्याची कल्पना तिथवर पोचली नाही. पिचरचे होम प्लेटपासूनचे अंतर ६० फूट ६ इंचांवरून दोन फुटांनी वाढवण्याचा बेत होता. तो २०१९मध्ये लांबणीवर पडला, २०२०चा हंगाम साथीमुळे झालाच नाही, आणि ऑगस्ट २०२१मध्ये एका फुटाने वाढवून पाहिल्यावर तो विषय थांबला.

आणि खुद्द यंत्राचे काय झाले? २०१९मध्ये ते प्रत्येक चेंडूचा निर्णय देत होते. मेजर लीगने ते रूप स्वीकारलेच नाही. निर्णय पंचच देणार. पिचर, कॅचर किंवा फलंदाजाने डोक्याला हात लावून दाद मागितली तरच यंत्र बोलणार. प्रत्येक संघाला अशा दोन संधी, दाद बरोबर ठरली तर संधी शाबूत. म्हणजे ज्या रूपाने मैनाताईंच्या पाहुण्याचे काठावरचे इंच नेले, ते रूप वर गेलेच नाही. दोन संधी जपून वापराव्या लागतात, त्यामुळे मनगट वळवणाऱ्या कॅचरला मेजर लीगमध्ये अजूनही भाकरी मिळेल. मी माझे आधीचे मत थोडे मागे घेतो. प्रयोग योग्य होता. पण त्याची किंमत ज्यांनी दिली, त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही.

सेंटपॉलचा_शाम

लाभ कुणाला मिळाला ते मी सांगतो. मेजर लीगने २०२१साठी संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. चाळीसहून अधिक गावांचे नाते तुटले, आणि त्याच वेळी आमचे सेंट्स ट्विन्सच्या साखळीत सर्वांत वरच्या पायरीवर, स्कीटर्स ॲस्ट्रोजच्या त्याच पायरीवर आणि धागाकर्त्यांचे पेट्रियट्स यांकीजच्या दुसऱ्या पायरीवर गेले. अटलांटिक लीग स्वतः मेजर लीगची भागीदार म्हणून टिकली. न्यू ब्रिटन बीज मात्र २०१९नंतर या लीगमध्ये राहिले नाहीत. ते महाविद्यालयीन मुलांच्या उन्हाळी लीगमध्ये गेले. आता आमच्याकडे तिकिटे छान खपतात आणि खेळाडू उत्तम असतात, पण कुणाला खेळवायचे हे ट्विन्स ठरवतात. पिल्लू अजून येते, एवढे समाधान आहे.

रॅरिटनकाठ (धागाकर्ता)

मी मत बदलण्याची तयारी दाखवली होती, म्हणून अर्धे बदलतो. शुगरलँडकरांचे म्हणणे मला पटले. पाच सामन्यांची मालिका हरलेला माणूस जर यंत्राला दोष देत नसेल, तर डक्सच्या विजेतेपदाला मी बाहेरून खोट काढणे बरे नव्हे. उरलेले अर्धे मात्र बदलत नाही.

त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी, बाह्य मैदानापलीकडून रॅरिटन व्हॅली लाइनची गाडी जात असताना, चेंडू कॅचरच्या हातात पडला आणि पंच काहीच बोलले नाहीत. एक क्षण, दीड क्षण. पिचर, फलंदाज, कॅचर आणि आम्ही सारे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो आणि ते कानातल्या आवाजाची वाट पाहत होते. मग त्यांनी उजवा हात वर केला. माझ्या मुलीने विचारले, “बाबा, त्यांना कोण सांगतं?” तेव्हा मी ‘कॉम्प्युटर’ असे उत्तर दिले होते.

@मैना_यॉर्कवाली, आपला पाहुणा सध्या काय करतो?

मैना_यॉर्कवाली

ओहायोत शाळकरी मुलांना पिचिंग शिकवतो. नाताळात फोन येतो. दाद मागण्याच्या नव्या नियमाची बातमी मीच त्याला कळवली, तर म्हणाला की दोन संधी म्हणजे पुष्कळ झाल्या, आणि लगेच वरणाची कृती पुन्हा विचारली. हिंग किती घालायचा ते तो दर वर्षी विसरतो.